खाली बसलेली धूळ

चढ अर्धा सरला तेव्हा ताई थांबली, रुमालाने मान पुसली आणि म्हणाली, "आज मी त्याला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"हे माझ्यामुळे झालंय म्हणून."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. पिशवीत भाच्याचे, तिच्या मुलाचे, धुतलेले कपडे होते, थोडी मऊ फळं होती आणि गरम पाण्याचा थर्मास होता. छातीच्या रोगांचं इस्पितळ गावाबाहेर टेकडीवर आहे. बस खालच्या चौकातूनच वळते. तिथून वर न्यायला गाड्या उभ्या असतात आणि इतके दिवस आम्ही गाडीनेच जायचो. त्या दिवशी ताई गाडीवाल्यांच्या समोरून तरातरा पुढे गेली. "आज चालत जाऊ," एवढंच म्हणाली. मला वाटलं, त्या वॉर्डात शिरायचं तिच्या जिवावर आलंय, म्हणून वाट लांबवतेय. जिवावर तर माझ्याही यायचं.

"काहीतरीच काय बोलतेस ताई," मी म्हटलं. "आजारपण काय कुणी कुणाला देतं?"

"हे देतं. धुळीने आलंय ना? ती धूळ मी पास केली होती."

ती पुढे चालायला लागली. मी पिशवी उचलली आणि मागून गेले.

ती काय म्हणाली ते कळायचं तर माझी ताई काय काम करायची ते आधी सांगायला हवं. ती माझी सख्खी मोठी बहीण. एका कारखान्याच्या गेज रूममध्ये होती. कारखान्यात यंत्रांचे भाग बनतात. ते बरोबर बनले की नाही हे मोजायला मापं लागतात. पण ती मापं तरी बरोबर आहेत का, हे कुणी बघायचं? ते बघणारी खोली म्हणजे गेज रूम. तिथे पोलादाचे लहान लहान ठोकळे असायचे, आरशासारखे घासलेले. एकावर एक सरकवून दाबले की डिंक लावल्यासारखे चिकटून बसायचे, इतके सपाट. ते ठोकळे झिजले की पुन्हा घासून मापाला आणायचे, हे ताईचं काम. हाताने.

आमच्या शाळेत पट्टीवरची सगळ्यात बारीक रेघ मिलिमीटरची. त्याच्या खालीही काही असतं हे बाईंनी सांगितलं असेल, आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. ताईचं काम त्या रेघेच्या आत सुरू व्हायचं. एका मिलिमीटरचे हजार भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. ताईचा ठोकळा एका मायक्रॉनने चुकला तर बाद. मायक्रॉनचेही पुन्हा हजार भाग करतात म्हणे, त्याला नॅनोमीटर म्हणतात. तिच्या खोलीतलं एक मशीन ते आकडे दाखवायचं. ताई म्हणायची, "ते आकडे मशीनचे. माझी बोटं मायक्रॉनपर्यंत. त्याच्या खाली तुझा देव." देवाधर्माचं खातं तिने माझ्यावर सोपवलेलं होतं. तिच्या तोंडी देव यायचा तो एवढ्याच कामाला.

मी शिवणकाम करते. माझी टेप बघून ती हसायची. "तुझ्या अर्ध्या इंचात माझी आख्खी नोकरी मावते गं," म्हणायची. मी म्हणायचे, "तुझ्या मायक्रॉनने एक ब्लाऊज शिवून दाखव."

कारखान्यात ती लागली होती माल बांधायला. गेज रूमचे मुख्य होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी एकदा बांधणाऱ्या बायकांना बोलावलं. काचेवर एक केस ठेवला, वर कागद पसरला आणि म्हणाले, डोळे मिटून बोट फिरवा, केस कुठे आहे सांगा. बहुतेकींना सापडला. मग दोन कागद. मग तीन. कागद वाढत गेले तशा बायका कमी होत गेल्या. शेवटी एकटी ताई उरली. मास्तरांनी अजून एक कागद टाकला आणि ती म्हणाली, "आता लागत नाही." मास्तर म्हणाले, "हिला घ्या. जे लागत नाही ते लागत नाही म्हणते." ही गोष्ट ती फार अभिमानाने सांगायची. आमचे भावजी ड्रायव्हर होते, गमत्या माणूस. ते म्हणायचे, "माझीसुद्धा जाडी बघितलीय हिने लग्नाआधी. मापात बसलो म्हणून पास केलं." भावजी फार लवकर गेले, मुलगा शाळेत असतानाच. त्यानंतर त्या घरात हसण्याचं काम मुलाने केलं.

गेज रूमची एक रीत होती. पोलाद हातात धरलं की हाताच्या उबेने वाढतं. डोळ्याला दिसत नाही, पण दोन-चार मायक्रॉनने वाढतं, आणि मग माप खोटं येतं. म्हणून बाहेरून आलेली वस्तू आधी गार लोखंडी पाटावर ठेवायची आणि ती खोलीसारखी गार होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. त्याला ते 'बसू देणं' म्हणत. बसू दे, मग मोज. ही रीत ताईच्या हाडात मुरली होती. मी सासरहून भांडून, रडत तिच्याकडे गेले की ती आधी चहा टाकायची. मी सांगायला तोंड उघडलं की म्हणायची, "बसू दे आधी. तापलेल्याचं माप घेऊ नये." आणि खरंच, चहा होईपर्यंत माझं भांडण निम्म्यावर यायचं.

तिच्या मुलाला आम्ही भुंग्या म्हणायचो. लहानपणी जेवताना, अभ्यास करताना, चपला घालताना सारखा गुणगुणायचा, तोंड मिटून. शब्द नाहीत, चाल नाही, नुसतं हूं हूं. अभ्यासात बेताचा, पण हाताला गुण होता, तो आईकडून आलेला. तो स्वयंपाकघराचे ओटे करणाऱ्या एका कारखान्यात लागायचं म्हणत होता. हल्ली तयार दगड मिळतो ना, गुळगुळीत, पांढरा, काळा, पाहिजे त्या रंगाचा, तो कापून, घासून, कडा गोल करून द्यायचं काम. कारखाना म्हणजे एक लांबट शेड आणि तीन-चार कापायची यंत्रं.

ताई म्हणाली, "दगड कापणार म्हणजे धूळ उडणार. आधी मी बघून येते."

भुंग्या म्हणाला, "आई, जागा बघायला चाललीयस की मुलगी?"

"दोन्हीला माझीच बोटं लागणार आहेत."

ती जाऊन आली आणि त्याच संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसली. चांगली खुशीत होती. "जमिनीवरची चिमूटभर घेतली, यंत्राखालची घेतली, खिडकीतली घेतली," म्हणाली आणि अंगठा बोटावर घासून दाखवला, जणू धूळ अजून तिथेच आहे. "वाळू आहे गं नुसती. चाळीस-पन्नास मायक्रॉन. एवढी जाड धूळ आत जात नाही, नाकातच अडकते. शिंकेल आणि मोकळा होईल."

म्हणजे ताईने पास केलं. आमच्या घरात त्याच्यावर अपील नव्हतं.

भुंग्या लागला. आईने बघून घेतल्यावर त्याला तर तिथे मिरवायलाच हवं होतं. पहिले काही दिवस तो तोंडाला फडकं बांधायचा, मग सोडलं. एकदा मी त्या बाजूला गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला गेले होते, तेव्हा तो शेडच्या दारात आला. भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं. मी म्हटलं, "अरे, म्हातारा झालास की. तोंडाला काहीतरी बांध."

"आईने पास केलंय मावशी," तो म्हणाला. "तिच्या बोटावर आख्खा कारखाना चालतो. माझं नाक काय त्याच्याहून मोठं लागून गेलं?" आणि गुणगुणत आत गेला. यंत्र सुरू झालं आणि मग मला काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या वर्षी खोकला लागला. कोरडा. आधी सगळ्यांनी हवेवर ढकललं. मग जिना चढताना तो मध्ये थांबायला लागला. माझ्याकडे आला की खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहायचा आणि काहीतरी विनोद करायचा, तोवर श्वास परत यायचा. त्याचं गुणगुणणं कधी बंद झालं ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. बंद झालेला आवाज लक्षात यायला वेळ लागतो.

टेकडीवरच्या इस्पितळातली डॉक्टर तरुण होती, सावकाश बोलायची, घाईची नव्हती. तिने काळा फोटो उजेडावर लावला आणि दोन्ही फुफ्फुसांवरचे पांढरे ठिपके दाखवले. म्हणाली, "दगडाची धूळ आहे ही. मोठे कण नाकात, घशात अडकतात, त्यांचं काही नाही. पण पाच मायक्रॉनच्या आतले कण थेट टोकापर्यंत जातात. तिथून ते परत येत नाहीत. त्यांच्याभोवती फुफ्फुस घट्ट होत जातं."

मायक्रॉन हा शब्द मी ताईखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मी ताईकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता. हळूहळू, गोल गोल.

तिने एकच विचारलं. "ते कण बोटाला लागतात का?"

डॉक्टर म्हणाली, "बोटाला कसे लागतील बाई? ते दिसतसुद्धा नाहीत."

"मग आता?"

"आता आहे तेवढा श्वास सांभाळायचा."

ताई घरी आली, स्वयंपाक केला, भांडी घासली, दुसऱ्या दिवशी कामावर गेली. मला वाटलं, मोठं मन आहे, सोसतेय. ती काय करत होती ते मला त्या चढावर कळलं.

पुढच्या वळणावर एक दगडी कठडा आहे. तिथे ती टेकली. मी पण टेकले. खाली बस वळून परत चाललेली दिसत होती.

"मी जेवणाच्या सुट्टीत गेले होते," ताई म्हणाली.

"कुठे?"

"त्यांच्या शेडमध्ये. तेव्हा, बघायला गेले होते ना, तेव्हा. मालक म्हणाला, आत्ताच या, यंत्रं चालू आहेत, काम कसं चालतं ते बघा. मी म्हटलं, नको, सुट्टी होऊ दे. सगळं बंद होऊ दे, धूळ खाली बसू दे, मग बघते." तिने माझ्याकडे बघितलं. "कळतंय का तुला? मी बसू दिली. रीतच आहे ना आमची. आणि मग जी खाली बसली होती, तीच मी बोटात घेतली. जी बसलीच नव्हती ती माझ्या बोटात येणार कशी?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"जाड असते ती पटकन खाली येते. बारीक असते ती तासन् तास हवेतच राहते. मी उभी होते तेव्हा ती माझ्या नाकासमोर होती. माझ्यासुद्धा नाकात गेली असेल. आणि मी खाली वाकून चिमटी भरत होते."

"तुला कसं कळलं हे?"

डॉक्टरकडून आल्यावर ती पुन्हा त्या शेडमध्ये गेली होती, भुंग्याचा राहिलेला पगार आणायला म्हणून. ह्या खेपेला यंत्रं चालू असताना. सोबत गेज रूममधली एक काचपट्टी नेली होती, तिला पुसट तेल लावून. ती तिने उंचावरच्या फळीवर ठेवली आणि मालकाशी इकडचं तिकडचं बोलत उभी राहिली. मालक वाईट माणूस नव्हता. "बाई, शेड उघडीच आहे की, वारा खेळतो," असं पुन्हा पुन्हा सांगत होता. निघताना तिने काचपट्टी रुमालात गुंडाळून घेतली आणि मास्तरांना विचारून गेज रूमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यात आतच मापाच्या रेघा असतात.

"एक मायक्रॉन," ती म्हणाली. "दोन. दीड. नुसता सडा पडलेला. जाड कण चुकून एखादा. मी म्हणाले होते चाळीस-पन्नास." ती हसली. तसं हसू मी परत कुणाच्या तोंडावर बघू नये. "आमच्याकडे घासायची पावडर असते ना, एक मायक्रॉनची, ती बोटाला लोण्यासारखी लागते. कण लागतच नाहीत. हे मला रोज माहीत होतं गं. रोज हातात असायची माझ्या. डबीवर लिहिलेलं असायचं म्हणून कळायचं एक आहे. हवेवर कोण लिहून ठेवणार?"

मी तिला समजावायला लागले. जे कुणीही म्हणेल तेच म्हटलं. तू मुद्दाम केलंस का? मालकाने पाणी मारून दगड कापायला हवा होता, ते कुणी बघायचं? तू नसतीस गेलीस तरी तो लागलाच असता. "आणि आता सांगून काय होणार ताई? त्याला उगाच ताप. तुझ्या मनात काय होतं ते देवाला ठाऊक आहे."

"देवाला असेल. भुंग्याला नाही." ती उठली. "परवा काय म्हणाला तो, ऐकलंस ना? 'आई, माझाच निष्काळजीपणा. फडकं सोडायला नको होतं. तुला ह्या वयात हे बघायला लावलं.' माझी माफी मागत होता. माझी! त्याने फडकं का सोडलं ते मला माहीत आहे आणि मी मान हलवत ऐकून घेतलं. असं मनाशी धरून त्याला जाऊ द्यायचं का मी?"

जाणं हा शब्द ती तोपर्यंत कधी बोलली नव्हती. डॉक्टर बोलली नव्हती, मी बोलले नव्हते. उरलेला चढ आम्ही चढलो. मी मनात नाव घेत होते देवाचं. काय मागायचं ते कळत नव्हतं म्हणून नुसतं नाव.

भुंग्याची खाट खिडकीशी होती. नाकात नळी, उशांना टेकून बसलेला. आडवं होता यायचं नाही त्याला. आम्हा दोघींना घामाघूम बघून त्याचे डोळे हसले.

"चालत?" तो म्हणाला. श्वास घेतला. "दोघी? शर्यत... कोण जिंकलं?"

"तुझी आई," मी म्हटलं. "म्हातारीने माझ्या तोंडाला फेस आणला."

ताई खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. मी त्याच्या पायाशी उभी राहिले. पिशवीतली फळं काढत होते तोवर तिने बोलायला सुरुवात केलीसुद्धा. प्रस्तावना नाही, काही नाही. मांडीवर हात ठेवून, हातांकडे बघत, एका सुरात बोलली. सुट्टीत गेले होते. धूळ बसू दिली होती. बसलेलीच मोजली. नंतर काचपट्टी नेली, त्यात हे असं निघालं. तू फडकं सोडलंस ते मी पास केलं म्हणून सोडलंस. निष्काळजीपणा तुझा नाही. चूक माझी आहे, माप माझं चुकलं. ती मास्तरांना सांगितल्यासारखं सांगत होती. फक्त शेवटी आवाज गेला, आणि ती तशीच मान खाली घालून बसून राहिली.

भुंग्या तिच्या केसांच्या भांगाकडे बघत होता. मग म्हणाला, "हॅ."

ताईने मान वर केली नाही.

"त्याच्यासाठी नाही... सोडलं मी. उकडायचं." श्वास. "गॉगलवर वाफ यायची... फडक्यामुळे. रेघ दिसायची नाही... कापायची." श्वास. "तू नापास केलं असतंस ना... तरी सोडलं असतं. मी कुठे... ऐकतो तुझं?"

हे बोलताना तो आईकडे बघत नव्हता. तिच्या वाकलेल्या डोक्यावरून सरळ माझ्याकडे बघत होता. शेडच्या दारात, पांढऱ्या भुवयांनी तो मला काय म्हणाला होता ते त्याला आठवत होतं, आणि मला आठवतंय हेही त्याला कळत होतं. त्याने हळूच मान हलवली, अगदी एवढीशी. नाही, अशी. बोलू नकोस मावशी, अशी. त्याचे डोळे भरले होते. मी ओठ घट्ट मिटून फळांची साल काढायला लागले.

"खरं?" ताईने हातांना विचारलं.

"तर काय," तो म्हणाला. "मोठी आली... माप चुकवणारी. जा, चहा आण."

ती चहा आणायला गेली. त्याने डोळे मिटून घेतले होते. मी त्याच्या पायांवर चादर घातली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिले.

उतरताना ताईची चाल बदलली होती. रस्त्याच्या कडेला कुणीतरी कुंडीतली रोपं विकत होतं, ती वाकून बघायला लागली. मला म्हणाली, "गॉगल घालायचा म्हणजे. मला कधी बोलला नाही. डोळे तरी जपले म्हणायचे." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

भुंग्या त्यानंतर लवकरच गेला. सकाळी, वॉर्डात चहाची गाडी यायच्या सुमाराला. ताई त्याच्या पाठीला उशी लावत होती. मला ती एवढंच म्हणाली, "मी उशी सरळ केली आणि तो हलका झाला."

त्या दिवसांत मी देवापुढे बसायचे, पण बोलायचे नाही. का असं मी विचारलं नाही. मला भीती होती की विचारलं तर मी रागावेन, आणि मग बसायला दुसरी जागा मला माहीत नाही.

ताई कामावर जायला लागली. लोक म्हणाले, बरं झालं, मन रमेल. मग एके दिवशी मास्तर माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. आता निवृत्तीला आलेले, डोक्याचे केस पार गेलेले, संकोची माणूस. कपडे शिवायला आले असतील असं वाटून मी टेप घेतली, तर म्हणाले, "तुमच्या ताईंबद्दल बोलायचं होतं."

"काही चुकतंय का तिचं?"

"चुकत नाही, तीच तर अडचण आहे. काम पहिल्यासारखंच. पण पास म्हणत नाहीत. ठोकळा मापात असतो, मशीन सांगतं, मी सांगतो. त्या म्हणतात, अजून बसू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात, पुन्हा म्हणतात, बसू दे. पाटावर रांग लागलीय ठोकळ्यांची. मी काही बोललो नाही त्यांना. कसं बोलणार? वाटलं तर मी पास करतो त्यांच्या वाटचे. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं." ते दारातूनच गेले. मी चहा विचारायचं विसरले.

मी तिच्याकडे जायचं म्हणत होते, तोच रविवारी दुपारी ती आली. मी एका शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते, सगळं दुकान निळ्या कापडाने भरलेलं. तिने कापडाचा गठ्ठा बाजूला सारला आणि खुर्चीवर बसली. मांडीवर एक कापडी पिशवी होती.

"शेडवर गेले होते," म्हणाली. "त्याचं सामान राहिलं होतं तिथे. मालकाने सगळं गोळा करून ठेवलं होतं बिचाऱ्याने." तिने पिशवीतून एकेक वस्तू काढली. एक शर्ट, कितीही धुतला तरी तसाच राहील असा. जेवणाचा डबा. कंगवा. "आता पाणी सोडून कापतात तिथे. नळी बसवलीय. मालक मला दाखवायला घेऊन गेला."

"बरं केलं," मी म्हटलं.

"मी त्याला विचारलं, भुंग्याचा गॉगल कुठाय?"

माझा पाय मशीनवरून उचलला गेला.

"तो म्हणाला, कसला गॉगल? मी म्हटलं, कापताना घालायचा तो. तर म्हणाला, बाई, आमच्याकडे गॉगल कुणीच घालत नाही. कधीच नव्हता. दुसऱ्या कामगारांना विचारलं. तेही तेच म्हणाले." ती शर्टाची घडी मोडत होती आणि पुन्हा घालत होती. "आता एखाद्याने घरून नेला असेल, कुणाच्या लक्षात नसेल, असंही असतं. असू शकतं ना? म्हणून मी धरून बसले नाही. पण झोप लागत नाही."

बाहेर कुणीतरी हाक मारली, गिऱ्हाईक होतं. मी आतूनच नंतर या म्हणून सांगितलं.

"मी खाली बघत होते गं तेव्हा," ताई म्हणाली. "त्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सगळं बोलून झालं आणि मी आपल्या हातांकडे बघत बसले. नुसता आवाज ऐकला. आवाजावरून काय कळणार, श्वासच नव्हता त्यात." तिने शर्ट मांडीवर सपाट केला आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले. मग माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा, नीट. "तू समोर उभी होतीस. त्याच्या पायाशी. तो बोलत होता तेव्हा त्याचा चेहरा तू बघितलास. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. कसा होता, कुठे बघत होता, जसं होतं तसं मला सांग."